घर आपलं, जमीन कुणाची? – शुगर लँडची गोष्ट

मराठीत आपण सहज म्हणतो, "त्यांनी पुण्यात घर घेतलं." बोलायला एवढं पुरतं, कायद्याला मात्र पुरत नाही. घेतलं म्हणजे नक्की काय काय घेतलं? चार भिंती घेतल्या, की भिंतींखालची जमीनही? जमिनीच्या पोटात तेल असेल तर ते कुणाचं? बाहेरच्या भिंतीला हवा तो रंग द्यायची मुभा त्यात आली का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं किती वर्षांसाठी?

हे प्रश्न सध्या माझ्या डोक्यात आहेत त्याला कारण आहे. आमच्या आईबाबांचा नवी मुंबईतला फ्लॅट विकायचा विचार चाललाय, आणि इकडे आम्ही दोघं ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये घर बघतोय. त्यामुळे एकाच महिन्यात दोन देशांतले कागद वाचायची वेळ आली. तिकडच्या कागदावर जागोजागी 'भाडेपट्टा'. इकडच्या कागदावर हा शब्द नाही, सरळ मालकी. "बरंय बाबा तुमचं, तिकडे जमीनसुद्धा आपलीच!" असं धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी या गावाचा इतिहास वाचायला घेतला, आणि उत्तर वाटलं होतं तेवढं सरळ निघालं नाही.

आधी गावाची ओळख करून देतो. शुगर लँड हे ह्यूस्टनच्या नैऋत्येला साधारण तीस किलोमीटरवर आहे. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती १ लाख ११ हजारांच्या आसपास, आणि त्यात दर तीन माणसांमागे एकाहून जास्त आशियाई वंशाचा. भारतीय किराणा, देवळं, ढोकळा, सगळं हाताशी. रुंद रस्ते, कापलेली हिरवळ, तळी, एकसारखी विटांची घरं. नवीन माणसाला वाटतं, हे गाव काल-परवाच कुणीतरी पट्टीने आखून बसवलं असणार. पण नावातली साखर खरी आहे, आणि तिच्याखाली बरंच काही दडलेलं आहे.

गोष्ट सुरू होते १८२० च्या दशकात. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. स्टीफन ऑस्टिनने इथे अमेरिकन वसाहतवाले आणले. त्याचा सहकारी सॅम्युअल मे विल्यम्स याला ऑयस्टर क्रीकच्या काठची जमीन मिळाली, पुढे विल्यम्स बंधूंनी तिथे उसाची लागवड केली आणि १८४३ साली साखरेचा चरक उभा राहिला. १८५० च्या दशकात हा मळा टेरी आणि काइल या दोघांनी विकत घेतला. कष्ट अर्थातच गुलामांचे. १८६५ साली यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि मळेवाल्यांना फुकटचे हात मिळेनासे झाले.

इथे आपला 'भाडेपट्टा' या गावच्या इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे भेटतो. फक्त तो जमिनीचा किंवा घराचा नाही. तो माणसांचा आहे.

अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण त्यात एक अपवाद ठेवला: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. टेक्सस सरकारने मग कैदीच भाड्याने द्यायला सुरुवात केली. १८७८ साली एडवर्ड कनिंगहॅम आणि लिटलबेरी एलिस या इथल्या दोन मळेवाल्यांनी राज्यातले सगळेच्या सगळे कैदी पट्ट्याने घेतले. दर माणशी महिन्याला ३ डॉलरच्या आसपास. काही कैदी त्यांनी स्वतःच्या उसात राबवले, उरलेले पोटभाड्याने दुसऱ्यांना दिले. कैदी बहुतांशी काळे. दलदल, डास, हिवताप, चाबूक. या भागाला कैद्यांनी 'ब्रॅझोस नदीवरचं नरक' असं नाव ठेवलं होतं. गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं. भाड्याचा कैदी मेला तर सरकार दुसरा पाठवायचं. १९१० साली राज्याने ही पद्धत मोडीत काढायचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत ती बंद झाली.

हे इथे सांगायचं कारण असं, की पट्ट्याचं मूळ गणित यात उघडं दिसतं. वस्तू एकाची, वापर दुसऱ्याचा, आणि मुदत ठरलेली. अशा व्यवहारात कोण कशाची काळजी घेईल हे पूर्णपणे कागदावर काय लिहिलंय यावर ठरतं. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याचा विचार कुणीच करत नाही.

आता साखर कंपनीकडे येऊ. १९०८ च्या सुमारास गॅल्व्हेस्टनचे आयझॅक केम्पनर आणि त्यांचे भागीदार विल्यम एल्ड्रिज यांनी इथले जुने मळे आणि कारखाना विकत घेतला. कंपनीचं नाव इम्पीरियल शुगर. त्यांनी मग गावच वसवलं: कामगारांसाठी घरं, दुकान, शाळा, दवाखाना. सगळं कंपनीचं. 'हिल' या भागात गोऱ्या कामगारांची घरं, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या कामगारांची वस्ती वेगळी.

आपल्याकडे वालचंदनगर किंवा किर्लोस्करवाडी पाहिलेल्या लोकांना हे चित्र परकं वाटणार नाही. वालचंदनगर तर साखरेचंच गाव. शाळा कंपनीची, क्वार्टर कंपनीचं, आणि रिटायर झालात की किल्ली परत. अशा गावांत राहिलेली माणसं त्यांच्याबद्दल प्रेमाने बोलतात, आणि ते प्रेम खरं असतं. शुगर लँडच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणीही तशाच गोड आहेत. पण कायद्याच्या भाषेत इथे जवळजवळ अर्धं शतक बहुतेक कामगार कुटुंबांकडे विकायला, गहाण ठेवायला किंवा मुलांच्या नावे करायला घर नव्हतं. नोकरी आणि छप्पर एकाच धन्याच्या हातात होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी मोडू लागली. कंपनीने कामगारांना घरं विकायला सुरुवात केली आणि २९ डिसेंबर १९५९ रोजी शुगर लँड रीतसर शहर झालं. पुढे १९६८ मध्ये शुगर क्रीक ही मोठी वसाहत सुरू झाली. सत्तरच्या दशकात साखर कंपनीच्या ताब्यातली प्रचंड जमीन ह्यूस्टनचे बिल्डर जेराल्ड हाइन्स यांच्याकडे गेली आणि सुमारे १० हजार एकरांवर फर्स्ट कॉलनी उभी राहिली. कारखाना २००३ साली बंद पडला, पण तोवर गाव साखरेवर अवलंबून उरलं नव्हतं.

आता फर्स्ट कॉलनीत आणि तिच्यासारख्या वसाहतींत घर घेणारा माणूस जमिनीचा पूर्ण मालक असतो. पट्टा नाही, मुदत नाही. मग भावाचं म्हणणं बरोबर झालं का? अर्धं.

टेक्ससमध्ये घर घेताना टायटल कंपनी जमिनीचा जुना इतिहास तपासते आणि तुमच्या हातात एक कागद ठेवते. त्यात 'शेड्यूल बी' नावाचा भाग असतो. विमा कुठल्या गोष्टींना लागू नाही याची ती यादी. आणि यादीतली पहिलीच ओळ असते वसाहतीच्या निर्बंधांची. बिल्डरने प्लॉट पाडले तेव्हाच जमिनीला चिकटवलेल्या या अटी. मालक बदलला तरी त्या सुटत नाहीत. घराचा रंग, कुंपणाची उंची, छपराचा प्रकार, आणि दरवर्षी होमओनर्स असोसिएशनला द्यायची वर्गणी. त्याच यादीत पुढे बऱ्याचदा लिहिलेलं असतं की खनिजाचे हक्क आधीच्या कुणीतरी स्वतःकडे राखून ठेवले आहेत. टेक्ससच्या कायद्यात खनिजाचा हक्क जमिनीच्या वरच्या हक्कापेक्षा वरचढ मानतात. म्हणजे मालकी ही एक मोळी समजा. विकणारा प्रत्येक जण मोळीतून एखादी काडी काढून घेतो आणि उरलेली पुढच्याला देतो. पट्ट्यात मोठी काडी, म्हणजे जमीन, मागे राहते आणि ते सगळ्यांना माहीत असतं. पूर्ण मालकीत बारीक काड्या गेलेल्या असतात आणि त्या बघायचं राहून जातं.

या बारीक काड्या किती बोचतात बघा. टेक्ससला राहत्या घराच्या संरक्षणाचा मोठा अभिमान. १८३९ पासून, म्हणजे टेक्सस स्वतंत्र देश होता तेव्हापासून, सावकाराला कर्जदाराचं राहतं घर सहजी घेता येत नाही. पण १९८७ साली इनवुड नॉर्थ या ह्यूस्टनच्या वसाहतीच्या खटल्यात टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असोसिएशनच्या वर्गणीचा बोजा घर 'राहतं घर' होण्याच्या आधीपासून जमिनीवर होता, म्हणून ते संरक्षण इथे चालणार नाही. पुढे ह्यूस्टन भागात एका ८२ वर्षांच्या विधवा बाईंचं सुमारे दीड लाख डॉलरचं, कर्ज नसलेलं घर जवळपास ८०० डॉलरच्या थकलेल्या वर्गणीपायी लिलावात ५ हजारांना गेलं. गदारोळ झाला. २००१ साली कायदा आला आणि अशा मालकाला घर सोडवून घ्यायला १८० दिवसांची सवलत मिळाली. २०११ मध्ये आणखी सुधारणा झाल्या. त्यातली एक आपल्या कामाची: दाराच्या चौकटीवर धार्मिक वस्तू लावायला असोसिएशनने मनाई करायची नाही, मात्र आकार २५ चौरस इंचांपर्यंत! आपलं तोरण त्यात कसं बसणार हा प्रश्नच होता. २०२१ मध्ये ती इंचांची अटही गेली.

जुन्या वसाहतींच्या निर्बंधांत तर याहून वाईट कलमं सापडतात: 'हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये.' अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ठरवलं की कोर्टांनी अशी कलमं अमलात आणायची नाहीत. १९६८ च्या कायद्याने घराच्या व्यवहारात असा भेदभावच बेकायदा ठरला. तरी ती वाक्यं कागदांत तशीच पडून राहिली. टेक्ससने ती काढून टाकायची सोपी पद्धत आणली तेव्हा २०२१ साल उजाडलं होतं. कागदाचं आयुष्य माणसापेक्षा लांब असतं.

अमेरिकेत आपल्यासारखे पट्ट्याचे घरमालक नाहीतच असं मात्र नाही. हवाईमध्ये मोजक्या जमीनदारांकडे बेटांची जमीन एकवटली होती आणि हजारो कुटुंबांची घरं पट्ट्याच्या जमिनीवर होती. मुदत सरत आली तशी माणसं हवालदिल झाली. १९६७ साली राज्याने कायदा करून घरवाल्यांना खालची जमीन विकत घेण्याचा मार्ग दिला. जमीनदार कोर्टात गेले आणि १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकमताने उचलून धरला.

आता आपल्याकडे. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्याच्याच. ट्रस्टने प्लॉट दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले, आणि १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला तसा पट्टेदारांचा धनी बदलला. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईची जमीन ६० वर्षांच्या पट्ट्याने द्यायची पद्धत पडली. १९८० च्या दशकातल्या ६० वर्षांच्या पट्ट्याची मुदत २०४० च्या दशकात भरते. हे लांब वाटतं, पण आज वीस वर्षांचं गृहकर्ज काढणाऱ्याच्या हिशेबात ते अगदी दारात आहे. मुदतवाढीचे आणि पूर्ण मालकी मिळण्याचे नियम मधल्या काळात बदलत आले आहेत. सरकारी पट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग १ करण्याचे नियमही २०१९ साली निघाले. म्हणून दहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने काय केलं यावर विसंबू नये.

पट्ट्याची मुदत संपल्यावर जमीन आपोआप मूळ मालकाकडे येते, या भ्रमात जमीन देणाऱ्यानेही राहू नये. याचं उदाहरण आपल्याकडे साखरेतच आहे. श्रीरामपूर-हरेगाव भागात शेतकऱ्यांनी खासगी साखर कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी दिल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांकडची जमीन सरकारकडे गेली, १९६३ साली शेती महामंडळ झालं, आणि मूळ मालक 'खंडकरी' म्हणून मोर्चे काढत राहिले. कायद्यात बदल होऊन जमिनी परत मिळायला लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. म्हणजे आजोबांनी दिली आणि नातवंडांनी परत घेतली, तीही सगळ्यांना सारखी मिळाली नाही.

मी इंजिनिअर आहे, वकील नाही. पण या वाचनातून आमच्या घरासाठी जी यादी केली ती इथे देतो. वकिलाकडे जाताना उपयोगी पडेल.

एक. मूळ पट्ट्याची प्रत मिळवा, सोसायटीच्या पत्रावर भागवू नका. मुदत पट्ट्याच्या तारखेपासून मोजायची, तुमच्या खरेदीच्या तारखेपासून नाही. नूतनीकरणाचं कलम आहे का, आणि भाडं कोण ठरवणार, ते शब्दशः वाचा. बँकही उरलेली वर्षं मोजते.

दोन. विकण्याआधी जमीनमालकाची परवानगी लागते का? सिडकोसारख्या ठिकाणी लागते, आणि हस्तांतरण शुल्कही असतं. ते कोण भरणार हे साठेखतातच लिहा. ही अट हलकी समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, याच्या कलम ११४-अ मध्ये पट्टेदाराला चूक दुरुस्त करायची लेखी नोटीस देण्याचं संरक्षण आहे, पण विनापरवानगी हस्तांतरण न करण्याची अट मोडली तर ते संरक्षण लागू नाही.

तीन. परवानगी आणि शुल्क टाळायला 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर घ्या' असं सांगणारे भेटतात. २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा कागदाने मालकी जात नाही. मी परदेशातून बाबांना सहीचा अधिकार देणं वेगळं, आणि त्या कागदालाच खरेदीखत समजणं वेगळं.

चार. सोसायटीच्या नावे पट्टा नोंदणी होऊन झालाय का ते पाहा. एका वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. थकलेलं भाडं, सेवाशुल्क, वाढीव बांधकाम, घराचा दुकान म्हणून वापर, हे सगळं नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतं.

पाच, आणि हे विकणाऱ्यांसाठी. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की खरेदीदाराला सहज न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने उघड करायचा. बाबांचं म्हणणं, "विचारलं तर सांगू." मी म्हटलं, न विचारता सांगू. किती वर्षं उरली, काय थकलंय, एका पानावर लिहून देऊ. किंमत थोडी कमी आली तरी चालेल. घेणारं बहुधा एखादं तरुण जोडपं असेल, आणि त्यांचं कर्ज आमच्या पट्ट्याहून लांब असू शकतं. बाबा दोन दिवस गप्प होते, मग त्यांनी कपाटातली फाइल काढली.

शेवटी शुगर लँडबद्दल एक राहिलं. इथे शाळेची इमारत बांधताना फेब्रुवारी २०१८ मध्ये माणसाची हाडं सापडली. खोदता खोदता ९५ थडगी निघाली, भाड्याने दिलेल्या कैद्यांची. सगळ्यात लहान मुलगा चौदा वर्षांच्या आसपासचा. ती जमीन एके काळी एलिसच्या मळ्याचा भाग होती, नंतर राज्याच्या तुरुंगाची शेती झाली. तुरुंगात पूर्वी पहारेकरी असलेले रेजिनाल्ड मूर हे गृहस्थ कितीतरी वर्षं सांगत होते की इथे थडगी असणार. त्यांनी जुने दस्त चाळले होते, लोकांनी त्यांचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. वाद झाला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या माणसांना त्याच जागी पुन्हा पुरलं. मूर २०२० साली वारले.

आम्ही बघतोय त्या घरापासून ती जागा गाडीने फार लांब नाही. टायटल कंपनीच्या कागदात मला जमिनीच्या मालकांची नावं, बोजे आणि निर्बंध मिळतील. त्या जमिनीत राबलेल्या माणसांसाठी त्यात रकाना नाही. घर बहुधा आम्ही घेऊच. पण घेण्याआधी शेड्यूल बी दोनदा वाचणार आहोत, आणि मुलीला त्या थडग्यांपाशी एकदा घेऊन जाणार आहोत. तुमच्याही घराचा मूळ कागद कपाटात कुठेतरी असेल. या रविवारी काढून वाचा.